म्हातारी चवळी, बुटकी चवळी

३ फेब्रुवारी

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून आठवडा झाला. या आठवड्यात घरातली सगळी घड्याळं उघडून साफ केली, चालू असलेलीसुद्धा. काल शेजाऱ्यांचं स्वयंपाकघरातलं घड्याळ मागून आणलं, तर ही म्हणाली, "अहो, ते बिचारं बरोबर वेळ दाखवत होतं!" मी म्हटलं, साफ केलेलं बरं असतं. आज ते दोन मिनिटं मागे पडतंय. मशीनच हलकं आहे.

ही डायरी चिरंजीवांच्या ऑफिसात फुकट मिळाली. "बाबा, रोज थोडं लिहा, वेळ जाईल," असं सांगून तो कामाच्या दौऱ्यावर निघून गेला. वेळ कसा जातो हे मला शिकवायला निघालाय.

आजची खरी बातमी म्हणजे सूनबाईच्या उजव्या हाताला प्लास्टर. बियाणे केंद्राच्या ओल्या पायरीवरून घसरली, मनगटाचं हाड मोडलं. ती तिथे चवळीवर काम करते. एका जातीच्या फुलाचा पराग दुसरीच्या फुलाला लावून नवी जात तयार करायची, असं ते काम. तिचा मदतनीस मागच्या महिन्यात दुसरीकडे चांगल्या नोकरीला लागला आणि आता तिचाच हात गेला. जेवताना मला म्हणाली, "बाबा, तुमचा हात अजून स्थिर आहे ना?" मी हात पुढे धरून दाखवला. जराही हलला नाही. "मग याल का माझ्याबरोबर? फुलं तीन आठवडेच आहेत."

म्हटलं, विचार करून सांगतो. अडुसष्टाव्या वर्षी मधमाशी व्हायचं म्हणजे विचार करायलाच हवा. तेवढ्यात ही आत जाऊन माझी जुनी टोपी घेऊन आली, धुऊन इस्त्री केलेली. शेजारी नवा डबाही दिसला. हिला आधीच कसं कळतं, देव जाणे.

५ फेब्रुवारी

पहाटेच्या बसने गेलो. केंद्र म्हणजे एक बैठी इमारत, मागे विहीर, पंपाची खोली आणि लांबच लांब वाफे. पंप चालवणारे गृहस्थ माझ्याच वयाचे. सूनबाईने ओळख करून दिली, तर म्हणाले, "घड्याळवाले का? बरं झालं, आमच्याकडे कोणीच वेळेवर येत नाही." मी त्यांना पंपवाले म्हणतो, ते मला घड्याळवाले म्हणतात. खरी नावं विचारायची राहूनच गेली.

चवळीच्या दोन जाती आहेत. एक जुनी, वेलासारखी पसरणारी. तिला सूनबाई म्हातारी म्हणते. एका आजीबाईंनी ती आयुष्यभर परसात राखली होती, त्या गेल्यावर घर आवरताना डब्याच्या तळाशी मूठभर दाणे सापडले. त्यातले चारच उगवले. म्हातारीला पाणी थोडं लागतं, खत लागत नाही, फवारणी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्या दाण्याला भुंगा लागत नाही. वर्षानुवर्षं डब्यात राहते. पण भारी भटकी. वाटेत येईल त्याच्यावर चढते आणि शेंग धरायला उशीर लावते. शेतकऱ्याला एवढी सवड कुठली?

दुसरी बुटकी. गुडघ्याएवढी, ताठ उभी, लवकर फुलते आणि सगळ्या शेंगा एकदम देते. पण साठवली की दोन-तीन महिन्यांत तिच्या दाण्याचं पीठ होतं. सूनबाईने एक बरणी दाखवली. प्रत्येक दाण्याला गोल भोक आणि काचेवर भुंगे फिरताहेत. अंगावर काटा आला.

"बुटकीसारखी उभी राहणारी आणि म्हातारीसारखी टिकणारी, अशी चवळी हवीय मला," सूनबाई म्हणाली. "आई बुटकी. पराग म्हातारीचा."

"म्हणजे म्हातारी बाप?"

"हो बाबा. इथे म्हातारी बाप आहे."

पंपवाले म्हणाले, कलियुग. मला हसू आवरेना.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दोघींची फुलं एकाच वेळी असतात ते दिवस थोडे. या हंगामात एकही संकराची शेंग धरली नाही, तर केंद्राच्या मोठ्या बाई हे वाफे चाऱ्याच्या गवताला देणार आहेत. तसं सांगूनच ठेवलंय. सूनबाईचं तीन वर्षांचं काम तिथेच थांबणार. हे तिने मला बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

६ फेब्रुवारी

काम शिकलो. संध्याकाळी, उद्या उमलणार अशी कळी ओळखायची. पाकळ्या अलगद बाजूला सारायच्या आणि आतले दहाच्या दहा पुंकेसर चिमट्याने काढायचे. एकही राहता कामा नये, कारण चवळी उमलायच्या आधीच आपलं आपण उरकून घेते, कोणाची वाट बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचं ताजं फूल तोडून त्याचा पराग बुटकीच्या त्या उघड्या स्त्रीकेसराला लावायचा. मग दोरा आणि लेबल. दुपारपर्यंत फुलं मिटतात, म्हणून पहाटेची बस.

पहिल्या पाच कळ्यांचा चुराडा केला. सूनबाई प्रत्येक वेळी श्वास आत घेत होती. सहाव्या कळीला डोळ्याला माझं भिंग लावलं आणि एकदम सगळं दिसायला लागलं. घड्याळातल्या बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या स्प्रिंगपुढे हे पुंकेसर म्हणजे दोरखंड!

केंद्राचा चिमटा बोथट होता, म्हणून माझा नेला होता. सूनबाई म्हणाली, "प्रत्येक फुलानंतर स्पिरिटमध्ये बुडवायचा हं, बाबा." म्हटलं, अगं, मी तेवढ्यावर थांबणारा माणूस नाही. स्पिरिटने पोलाद कोरडं पडतं, त्यामुळे लगेच खिशातल्या फडक्यावर टोक फिरवतो. फडक्याला घड्याळाचं तेल असतंच. हात आपोआप जातो. हत्यार कोरडं ठेवणाऱ्या कारागिराच्या हातात मी घड्याळ देणार नाही, फूल तर लांबच राहिलं. पण ती तोवर दुसऱ्या वाफ्याकडे गेली होती, तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

९ फेब्रुवारी

हात बसला. आज वीस-पंचवीस कळ्या झाल्या. पंपवाले बघायला आले आणि बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तुमच्यासारखा नाजूक हात असता तर मी पंप कशाला चालवला असता?" दिवस चांगला गेला.

घरी मात्र वाईट वाटलं. ही दिवसभर एकटी असते. काही बोलत नाही, पण मी काय आंधळा आहे? ओट्याशेजारी चार कप धुऊन पालथे घातलेले होते. एकटेपणामुळे चहा वाढलाय. आवाजही बसल्यासारखा वाटला. दिवसभर बोलायला कोणी नाही, दुसरं काय होणार!

१२ फेब्रुवारी

फुलं गळली. पहिल्या तीन दिवसांतली सगळी. वाफ्यात लेबलं जमिनीवर पडलेली, दोऱ्याच्या गाठी तशाच्या तशा. सूनबाई म्हणाली, "होतं असं बाबा, चवळी नाजूक आहे. दहात दोन राहिली तरी पुष्कळ." तिने तोंडावर काही दाखवलं नाही, पण डबा तसाच परत आणला.

दोष वाऱ्याचा आहे. पश्चिमेकडून जोरात वारा येतो आणि आडोसा नाही. घरी हिला समजावून सांगितलं, तर म्हणते, "नाचता येईना, अंगण वाकडं." या बाईला शेतीतलं काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी

वारा पडला, तरी फुलं गळतातच. आता मला कारण सापडलंय. मुंग्या. प्रत्येक फुलाच्या देठाशी मुंग्यांची रांग असते. मी एक एक करून झटकायला लागलो, तर सूनबाई धावतच आली. "नको नको, बाबा! त्या राखणदार आहेत." चवळी म्हणे देठाशी गोड रस ठेवते मुंग्यांसाठी. त्याच्या बदल्यात मुंग्या अळ्यांना फिरकू देत नाहीत. फवारणी वाचते ती त्यांच्यामुळे.

म्हणजे झाडाने पगारी पहारेकरी ठेवलेत आणि मी त्यांना बडतर्फ करत होतो. राखणदारांची क्षमा मागितली.

विचित्र गोष्ट अशी की, ज्या फुलांना मी हात लावला नाही त्यांना भराभर शेंगा धरताहेत. त्याच झाडांवर, त्याच हवेत, त्याच मुंग्यांत. फूल आपलं आपण उरकतं ना, म्हणून असेल. तरी जरा लागलं मनाला.

१७ फेब्रुवारी

सकाळी मोठ्या बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच का ते?" मी म्हटलं, मीच. वाफ्यातून एक फेरी मारली, पडलेली लेबलं पाहिली आणि सूनबाईला इतकंच म्हणाल्या, "आठवडाभर बघा. मग गवताचं बी मागवायला सांगते." त्या गेल्यावर सूनबाई डाव्या हाताने कळ्या मोजत बसली. बुटकीच्या कळ्या संपत आल्यात. नवीन येणार नाहीत.

मला फार अपराधी वाटलं. तिने एवढ्या विश्वासाने आणलं मला. घड्याळ दुरुस्त नाही झालं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. सूनबाई कुठे जाणार? पण चूक कुठे होतेय तेच कळत नाही. हात स्थिर, नजर साफ, हत्यार लखलखीत. पुंकेसर मोजून काढतो.

घरी आलो तर हिने रुमाल नाकाशी धरला. "दुकान बंद झालं तरी कपड्यांना तेलाचा वास येतोय तुमच्या. शेतात जाता की चोरून दुकानात?" मला राग आला. इथे माणूस चिंतेत आहे आणि हिला वास सुचतोय! जेवताना मुद्दाम बोललो नाही. हिच्या ते लक्षातही आलं नाही, सूनबाईशी बोलत बसली.

१८ फेब्रुवारी

काखेत कळसा, गावाला वळसा!

सकाळी दव पडलं होतं. परागीकरणाला कळी उघडली, तर पाकळीच्या कडेवर दवाचा एक थेंब. चिमट्याचं टोक त्याला लागलं. भिंगातून पाहिलं, तर त्या थेंबावर निळा-गुलाबी तवंग पसरला.

तो तवंग मला ओळखायला वेळ लागला नाही. जन्मभर बघतोय. सुईच्या टोकावर घेतलेलं तेल चुकून काचेवर पडलं की असाच पसरतो. गेले दोन आठवडे मी प्रत्येक फुलाच्या स्त्रीकेसराला आधी तेल देत होतो आणि मग त्यावर पराग घालत होतो! तेलावर पराग रुजणार कसा? घड्याळाला जे लागतं तेच मी फुलाला देत होतो.

सूनबाईकडे गेलो. खिशातलं फडकं काढून तिच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "तेल?" मी म्हटलं, "उत्तम प्रतीचं." तिला इतकं हसू आलं की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून ती बांधावरच बसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. मी तिथेच उभा राहिलो. मग तिने डोळे पुसले. "चला बाबा, उरलेल्या कळ्या बघू."

पंपवाल्यांना कळलंच. "घड्याळवाले, आमच्या पंपाला तेल हवंय, फुलांचं झालं असेल तर या." आता जन्मभर ऐकवणार.

२१ फेब्रुवारी

चिमटा कोरडा. स्पिरिट, वाऱ्यावर सुकवणं, मग फूल. हात सवयीने खिशाकडे जातो, म्हणून हिच्याकडून खिसा शिवून घेतला. ही म्हणाली, "वास येतोय म्हणाले तेव्हा ऐकलं असतं तर?" काही वेळा मूग गिळून गप्प बसणंच बरं.

संध्याकाळी चिमट्याच्या टोकावर गंजाचा बारीक ठिपका दिसला. जिवावर आलं, पण तेल लावलं नाही.

आज बुटकीच्या शेवटच्या कळ्या झाल्या. एक कळी जरा फुगलेली होती, उमलायच्या बेतातली. उशीर झाला असेल असं क्षणभर वाटलं, पण कळ्याच एवढ्या थोड्या, सोडवेना. तीही घेतली.

२७ फेब्रुवारी

दोन राहिल्या! बाकी सगळी फुलं गळली, पण दोन लेबलांच्या वर हिरव्या काडीएवढ्या शेंगा उभ्या आहेत. मी सूनबाईला हाक मारली ती इतकी मोठ्याने की पंपवाले पंप बंद करून धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेंग धरली म्हणजे संकर झाला असं नाही. फूल दाखवा, मग बोलू." तोवर गवताचं बी थांबवलंय, हे मात्र खरं.

यातली मेख सूनबाईने समजावली. बुटकीचं फूल पांढरं, म्हातारीचं जांभळं. या शेंगांतले दाणे पेरायचे. झाडाला जांभळं फूल आलं, तर बाप म्हातारी. पांढरं आलं, तर कळीत एखादा पुंकेसर राहिला होता किंवा आपण हात लावायच्या आधीच तिचं उरकलं होतं. मग ती नुसती बुटकीच, बापाचा पत्ता नाही. जांभळा रंग म्हणे लपत नाही.

१९ मार्च

सूनबाईचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, पण बोटं हलतात. मला वाटलं, आता माझं काम संपलं. बसला निघताना मी टोपी घातली नाही, तर सूनबाई दारातून म्हणाली, "टोपी कुठाय?" घातली.

शेंगा वाळल्या. सोलून दाणे निराळे ठेवले आणि आज पेरले. पहिल्या शेंगेचे एका ओळीत, दुसरीचे शेजारच्या ओळीत. कुंपणाशी म्हातारीच्या शेंगाही पिकल्या आहेत, त्यांचं बी सूनबाईने निगुतीने भरून ठेवलं. म्हातारी आता कुठे जात नाही.

११ एप्रिल

पहिली ओळ बघत राहावी अशी. झाडं ताठ, पानं तकतकीत, सगळी एका उंचीची. दुसरी ओळ मात्र निराशाजनक. उगवली तीनच. त्यातही शिस्त नाही. शेंडे लांबलचक होऊन इकडेतिकडे लोळताहेत, एक तर शेजारच्या झाडाला विळखा घालून बसलंय. रोग वगैरे असावा. सूनबाईला म्हटलं, ही तीन उपटून टाकू, चांगल्यांना जागा होईल. तिने माझा हातच धरला. "बाबा, त्यांना बोटसुद्धा लावायचं नाही!" तीन वाळक्या काटक्या आणून तिने त्यांना टेकू दिले, आणि त्या तिघांकडे बघून हसत होती. पोरीला अशक्त जिवांची माया फार.

माझी भिस्त पहिल्या ओळीवर आहे.

२८ एप्रिल

पहिली ओळ फुलली. पांढरी.

सगळीच्या सगळी, एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं अशी पांढरीशुभ्र. मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेलो. ती फुगलेली कळी असणार. मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी घेतली. मुद्दाम काही केलं नव्हतं, हाव झाली एवढंच.

सूनबाई म्हणाली, "दुसरी ओळ अजून आहे ना." त्या ओळीत कळीचाही पत्ता नाही. डोकं दुखतंय असं सांगून मी दुपारच्याच बसने घरी आलो.

दार उघडंच होतं. आत चौघी जणी गोल करून बसलेल्या, मधे पत्ते, प्रत्येकीशेजारी चहाचा कप. शेजारीणबाई ओरडत होत्या, ही त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती. मला पाहिल्यावर ही म्हणाली, "अहो! इतक्या लवकर?" आवाजात जी निराशा होती, ती मला आमच्या लग्नापासून कधी ऐकू आली नव्हती.

म्हणजे ते चार कप. म्हणजे तो बसलेला आवाज. आणि मी इथे हिच्या एकटेपणावर पानं भरतोय!

बायका गेल्यावर मी हिला पांढऱ्या फुलांचं सांगितलं. वाटलं, काहीतरी टोचून बोलेल. ही माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "दुकान बंद झालं तेव्हा तुम्ही घरात असे फिरायचात की मला भीती वाटायची. आता फुलं गळली म्हणून चिडता, मुंग्यांवर चिडता. मला चालतं ते." मग म्हणाली, "उद्या जाणार आहात ना? कारण त्या तिघींना मी उद्याचं सांगून ठेवलंय."

आम्ही दोघंही खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी असं हसलो.

६ मे

दुसऱ्या ओळीत अजून काही नाही. नुसत्या वेली वाढताहेत, काटकी संपली तर एकमेकींना धरतात. पंपवाले रोज पाणी सोडताना त्यांच्याकडे बघून मान हलवतात. "घड्याळवाले, यांचे काटे फारच मागे आहेत." सूनबाई मात्र रोज सकाळी आधी तिथेच जाते आणि खुशीत परत येते. आशा चिवट असते. मी तिला काही म्हणत नाही. मोठ्या बाईंनी गवताच्या बियांची चौकशी पुन्हा केल्याचं ऐकलं.

मला एक कबूल करायलाच हवं. मला ते वाफे जायला नकोत, ते नुसते सूनबाईसाठी नाही. पहाटेची बस, ते ओले वाफे, भिंगातून दिसणारं फूल, हे मला माझ्यासाठी हवंय. एवढं कधी काही हवं वाटलं होतं ते आठवत नाही.

१३ मे

सूनबाई बसमधून उतरून ऑफिसात काही कागद ठेवायला गेली, मी सरळ वाफ्याकडे. दुसऱ्या ओळीतल्या मधल्या वेलीवर, देठाशी मुंग्या जमल्या होत्या. आधी मुंग्याच दिसल्या. मग वर पाहिलं.

जांभळं.

चिमटा नाही, भिंग नाही, काही लागलं नाही. इतकं स्वच्छ जांभळं. मी वाफ्यातच खाली बसलो. पंपवाल्यांनी लांबून पाहिलं, त्यांना वाटलं मला चक्कर आली. पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तेही फुलाकडे बघत उभे राहिले. पाणी त्यांनीच पिऊन टाकलं.

सूनबाई आली. फूल पाहिलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तशीच विहिरीवर गेली. तोंड धुऊन परत आली तेव्हा नाक लाल होतं. म्हणाली, "बाबा, वाफ्यात बसू नका, माती दबते."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"वेल लोळायला लागली तेव्हाच. उशीर करणं, टेकू शोधणं, सगळं बापावर गेलंय. पण फूल येईपर्यंत बोलले नाही. चुकले असते तर तुम्हाला दोनदा वाईट वाटलं असतं."

म्हणजे मी जी उपटायला निघालो होतो, तीच!

मोठ्या बाईंना बोलावलं. त्या वाकल्या, फूल खालून-वरून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाफे तुमचेच राहतील." जाताना माझ्याकडे वळल्या. "तेलाशिवाय बरं जमतं तुम्हाला." म्हणजे केंद्रभर झालंय!

हिला फोन केला. फूल दुपारी मिटतं, लगेच ये, म्हटलं. आली, आणि तिन्ही मैत्रिणींना घेऊन आली, डाव अर्धा टाकून. चौघी जणी त्या एवढ्याशा फुलाभोवती उभ्या. ही बराच वेळ बघत होती. मग माझी टोपी नीट केली आणि म्हणाली, "छान झालंय हो तुमचं काम." या बाईने माझ्या दुकानातल्या कामाला कधी छान म्हटलं नव्हतं, 'झालं का?' एवढंच विचारायची.

फूल मिटेपर्यंत मी तिथेच थांबलो. सूनबाई शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा विचारलं, "आता पुढे काय?" ती म्हणाली, याच्या बियांतून सगळ्या तऱ्हेची पोरं निघतील. काही लोळणारी, काही ताठ, काहींना भुंगा लागेल, काहींना नाही. पेरायची, निवडायची, परत पेरायची. आणि मधे एकदा याचा पराग परत बुटकीला द्यायचा, म्हणजे पोरं उंचीने आईवर जातील. त्यासाठी पहिल्या ओळीतली माझी पांढरी फुलं आयती तयार आहेत.

"आणि शेतकऱ्याच्या हातात बी कधी पडणार?"

"सगळं नीट झालं तर सात-आठ वर्षं."

मला हसूच आलं. "सूनबाई, अगं, मी अडुसष्ट वर्षांचा आहे."

ती वाकून पांढऱ्या फुलांच्या ओळीतल्या कळ्या चाचपत होती, उद्या उमलणाऱ्या. मान वर न करता म्हणाली, "म्हणूनच म्हणते, चिमटा काढा. या कळ्या आजच करून ठेवू."